उतारावर बंद पडणारी गाडी

मोटरसायकल ट्रायल्सच्या स्पर्धेत पहिल्या फेरीत तिसऱ्या सेक्शनला गाडी बंद पडली तेव्हा मी ते मनावर घेतलं नाही. दुसऱ्या फेरीत त्याच उतारावर, जवळपास त्याच दगडापाशी ती पुन्हा बंद पडली, आणि माझ्या पोटात खड्डा पडला. गाडी मी बांधली होती. चार महिने संध्याकाळचं गिऱ्हाईक परत पाठवून बांधली होती.

माझं गॅरेज कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात. आजूबाजूला लेथ, वेल्डिंग, पॅटर्नवाले, फाउंड्रीवाले. हवा तो पार्ट दोनशे पावलांच्या आत कुणीतरी करून देतो, म्हणूनच असली कामं अंगावर घ्यायची हिंमत होते. गाडी चालवणारं पोरगं शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत शिफ्टला जाणारं, वय बावीस. पावसाळ्याच्या तोंडावर आलं आणि मोबाइलवर व्हिडिओ दाखवत म्हणालं, "काका, मला हे करायचंय. गाडीची पॉवर वाढवून देता काय?"

व्हिडिओत एकजण घराएवढ्या दगडावर गाडी चढवत होता, पाय न टेकता.

त्याला समोर बसवून पहिल्यांदा खेळच समजावला. ट्रायल्समध्ये वेगाला किंमत नाही. दगड, ओढा, चिखल, चढउतार असा पट्टा आखलेला असतो, त्याला सेक्शन म्हणतात. सेक्शन पायी हिंडून बघायचा, कुठून जायचं ते ठरवायचं आणि मग गाडी घालायची. पाय एकदा टेकला की एक गुण, दोनदा टेकला की दोन, तीनदा किंवा त्याहून जास्त टेकला तरी तीनच. पडलास, आखलेल्या हद्दीबाहेर गेलास, किंवा इंजिन बंद पडून पाय खाली आला, तर पाच. हे गुण दंडाचे, ज्याचे कमी तो जिंकला. सेक्शन स्वच्छ काढला तर शून्य, आणि सगळी धडपड त्या शून्यासाठी.

"मग पॉवर कशाला पाहिजे?" मी विचारलं. त्याच्याकडे उत्तर नव्हतं. हळू चालवता येईल अशी गाडी करू, एवढं आमचं त्या दिवशी ठरलं.

गाडी कुठली घ्यायची यावर मात्र पंधरा दिवस गेले. कोल्हापुरात गाडीचा विषय निघाला की आरएक्स १०० आलीच. माझाही जीव आहे तिच्यावर, हलकी आहे, पण तिची खरी ताकद वरच्या आरपीएमला. दगडावर चालत्या माणसाच्या वेगाने जायचं असेल तर इंजिनाने खालूनच ओढलं पाहिजे. पोराच्या वडिलांकडे बुलेट होती. ते म्हणाले, "हिच्यावरच खेळू दे की." त्यांना वाटलं मी हसेन. मी हसलो नाही, कारण बुलेट याच खेळात वाढलेली गाडी आहे. मागच्या चाकाला स्विंगआर्म, म्हणजे चाक वरखाली हलू देणारा दांडा, असलेली बुलेट पहिल्यांदा लोकांसमोर आली ती १९४८ साली, इंग्लंडमधल्या कोलमोर कप ट्रायलमध्ये. जॉनी ब्रिटनने १९५२ आणि १९५७ साली स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल ३५० बुलेटवर जिंकली. आपल्याकडे २०१९ मध्ये बुलेट ट्रायल्स नावाचं मॉडेल आलं ते त्याच आठवणीतून. पण १९६५ मध्ये सॅमी मिलरने तीच स्पर्धा २५० सीसी टू-स्ट्रोक बुल्टॅको या स्पॅनिश गाडीवर मारली आणि जड फोर-स्ट्रोकचा जमाना संपत गेला. आजची अस्सल ट्रायल्स गाडी सत्तर किलोच्या आसपास भरते, तिला सीट म्हणावी अशी सीटही नसते. तसली गाडी आपल्याकडच्या शोरूमला बघायला मिळत नाही. वडिलांची बुलेट घरीच राहिली.

शेवटी हीरोची जुनी इम्पल्स घेतली. २०११ ला बाजारात आलेली, १४९ सीसी, पुढचं चाक १९ इंची, सायलेन्सर वर उचललेला. एक्सपल्स २०० तिच्यापेक्षा कितीतरी चांगली, पुढे २१ इंची चाक, पण पोराच्या बजेटात ती बसत नव्हती आणि वजनालाही जास्त. या खेळात गाडी पडते, रोज पडते. पडलेली गाडी वीस वेळा उचलून एकविसाव्यांदा त्याच दगडावर घालायची असते. गाडी निवडताना माझा पहिला प्रश्न हाच असतो, की दमलेला माणूस ती किती वेळा उचलेल.

मग काम सुरू झालं. आरसे, इंडिकेटर, कॅरियर, साडीगार्ड, दिसेल ते काढलं. सीटचा फोम कापून पातळ केला, कारण बसायचं नाहीच. पुढचं स्प्रॉकेट एका दाताने लहान केलं, मागचं आठ दातांनी मोठं. मागचं आमच्या आप्पांनी बनवलं. आप्पा सत्तरीकडे झुकलेले टर्नर, डोळ्याला जाड चष्मा, पण हाताला अजून सूत कळतं. मॅग्नेटला, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चकतीला, जोडायची लोखंडी रिंगही त्यांनीच काढली. अर्ध्या किलोच्या आतबाहेरची, तिळभर डगडग नसलेली. या रिंगेवर माझा फार भरवसा. फिरता भार वाढला की रेस दिल्यावर इंजिन एकदम उसळत नाही आणि रेस सोडल्यावर एकदम मरतही नाही. ओल्या दगडावर चाक जागच्या जागी फिरणं कमी होतं. पिकअप मेला असं गिऱ्हाईक म्हणेल, पण आम्हाला मेलेलाच पिकअप हवा होता.

टायरला अस्सल ट्रायल्समध्ये मागे चार-पाच पीएसआय हवा ठेवतात. टायर पिठाच्या गोळ्यासारखा दगडावर पसरतो आणि धरून ठेवतो. आमचा टायर साधा, आत ट्यूब. इतकी कमी हवा ठेवली तर टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटून निघतो. रिमला टायर आवळणारा लॉक बसवला आणि दहावर थांबलो.

आणि फूटरेस्ट. मूळ जागेवर उभं राहिलं की वजन पुढे पडतं, पुढचं चाक उचलत नाही. म्हणून ते दीड इंच मागे आणि एक इंच खाली घेतले. वेल्डिंग मी स्वतः केलं. पोराला उभं करून बघितलं, पाय बरोबर बसत होते. त्या दिवशी त्याच्या पायात कॅनव्हासचे बूट होते. ही गोष्ट मी तेव्हा पाहिली, पण माझ्या डोक्यात नोंदली गेली नाही.

स्पर्धा छोटीच होती. कुणी मंडळ नाही की बॅनर नाही. आसपासच्या जिल्ह्यांतली पोरं, टोपच्या बाजूची बंद पडलेली दगडखाण, पाच सेक्शन, तीन फेऱ्या, तेरा गाड्या. रविवारी पहाटे टेम्पोत गाडी घालून तावडे हॉटेलवरून शिरोलीचा पूल ओलांडला तेव्हा पंचगंगेवर धुकं होतं. खाणीतला काळा पाषाण दवाने ओला. तिथे नियम होता की घोट्याच्या वर जाणारे बूट घातल्याशिवाय सेक्शनमध्ये सोडायचं नाही. चांगला नियम, घोटा मोडलेली माणसं मी बघितली आहेत. पोराने मित्राचे जाड तळाचे बूट आणले होते, एक नंबर मोठे.

पहिला सेक्शन शून्य. दुसरा दोन. तिसऱ्यात चढ होता, वर एक अरुंद कंगोरा आणि लगेच खाली उतरणारा दगडी उतार, जवळजवळ उभाच. चढ त्याने इतका सुंदर काढला की बाजूची माणसं बोलायची थांबली. कंगोऱ्यावरून पुढचं चाक खाली वळवलं, दोन हात अंतर उतरला आणि इंजिन गप्प. पाय खाली. पाच.

"क्लच दाबायचा राहिला असंल," मी म्हणालो.

"न्हाई काका, गाडीच मेली."

फेरी संपली तेव्हा एकूण अकरा झाले होते, त्यातले पाच त्या एका उताराचे. मी स्लो, म्हणजे रेस न देता इंजिन चालतं तो वेग, थोडा वाढवला. मेकॅनिकचा हात आधी तिकडेच जातो. दुसऱ्या फेरीत स्लो वाढल्यामुळे गाडी उतारावर जास्तच ढकलायला लागली, आणि पुन्हा तिथेच गप्प. पुन्हा पाच. ही फेरी दहाला संपली.

शेवटच्या फेरीआधी पाऊण तास मोकळा होता आणि गाडीला हात लावायची परवानगी होती. मी कार्बोरेटर उतरवला. पुढे कललेल्या गाडीत फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल पुढे सरकतं, जेटला कमी पडतं, असा माझा हिशोब. वाटी स्वच्छ. फ्लोटची पातळी बरोबर. पायलट जेट उजेडाला धरलं, आरपार दिसत होतं. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक मोकळं. प्लगचा रंग विटकरी, जसा हवा तसा. घाम फुटला होता. पोरगं काही बोलत नव्हतं, नुसतं माझ्या हातांकडे बघत होतं. ते बोललं असतं तर बरं झालं असतं.

मग एक केलं. दोघांनी गाडी उतारावर नेली, नाक खाली करून मागून धरली, न्यूट्रलमध्ये चालू केली आणि तशीच ठेवली. एक मिनिट. दोन. तीन. इंजिन घड्याळासारखं चालू. म्हणजे पेट्रोलचा प्रश्नच नव्हता. कललेली गाडी मरत नव्हती, त्याला घेऊन कललेली गाडी मरत होती.

"बंद कर. न्यूट्रलमध्येच ठेव. आता वर उभा राहा, चालवतोस तसा."

तो उभा राहिला, कंबर मागे, हात ताणलेले. मी मागून पकडलं होतं. हळूहळू पकड सोडली. गाडी जागची हलेना.

"ब्रेक सोड."

"सोडलाय की."

"मागचा?"

"त्यावर पायच न्हाई माझा."

मी खाली वाकून बघितलं. त्याच्या उजव्या बुटाचं टोक ब्रेकच्या पेडलवर टेकलं होतं. नुसतं टेकलं नव्हतं, दाबून बसलं होतं. फूटरेस्ट मी इंचभर खाली घेतले आणि पेडल होतं तिथेच ठेवलं. पायाच्या हिशोबाने पेडल इंचभर वर आलं. सपाटीला टाच खाली असते, फरक पडत नाही. उतारावर माणूस मागे जातो, पाय पुढे रेटतो, टाच उचलते, चवडा खाली जातो. कॅनव्हासमध्ये त्याला पेडल बोटांना कळायचं आणि तो आपसूक पाय सावरून घ्यायचा. जाड तळाच्या मोठ्या बुटात काहीच कळत नव्हतं. ओल्या उतारावर मागचं चाक लॉक व्हायचं, गिअर पडलेला, आणि चाकाबरोबर इंजिनही थांबायचं. मी स्लो वाढवला तेव्हा गाडी जास्त ढकलायला लागली, तो आणखी मागे गेला, पाय आणखी दाबला गेला. माझ्या इलाजाने दुखणं वाढवलं होतं.

बूट काढून तळ बघितला. पेडलच्या दात्यांची रांग रबरात उमटली होती.

"चूक माझी आहे," मी त्याला म्हणालो. "तुझी काही नाही. दहा पॉइंट माझ्यामुळं गेले." तो म्हणाला, "काका, ऱ्हाऊ दे, आधी गाडी करा." वेळ वीस मिनिटं राहिली होती.

टेम्पोत जॅकचा दांडा होता, पोकळ पाइपाचा. तो पेडलवर चढवला, गुडघा लावला आणि पेडल खाली वाकवलं. एकदम नाही, थोडं, मग त्याला उभं करून बघायचं, परत थोडं. तडकलं असतं तर खेळ तिथेच संपला होता. मग ब्रेक रॉडचा नट ढिला करून प्ले, म्हणजे ब्रेक लागण्याआधीची पेडलची मोकळी हालचाल, वाढवला आणि स्लो पुन्हा होता तिथे आणला. आता बूट घालूनच बघत होतो. उतारावर उभा केला, हात सोडला, गाडी आपसूक खाली सरकली.

तिसऱ्या फेरीत मी तिसऱ्या सेक्शनच्या खालच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. गुण देणाऱ्या ऑब्झर्व्हरने शिट्टी दिली. चढ, कंगोरा, मग पुढचं चाक खाली. मागचं चाक फिरत होतं. माझं लक्ष त्या चाकाकडेच होतं, पोराकडे नव्हतं. इंजिनाचा आवाज तुटला नाही. खालच्या ओल्या दगडावर पुढचं चाक हातभर घसरलं, त्याने गुडघ्याने गाडी ढकलून सरळ केली आणि फाटकातून बाहेर पडला. ऑब्झर्व्हरने मूठ वर केली. शून्य.

पहिला शून्य, दुसरा एक, तिसरा शून्य, चौथ्यात नेहमीचे तीन, पाचवा शून्य. फेरी चारची, एकूण पंचवीस. तिसऱ्या नंबरावरच्या सांगलीच्या पोराचेही पंचवीसच होते. गुण सारखे असले की कुणी किती सेक्शन शून्यात काढले ते मोजतात. त्याचे सहा, आमचे पाच. आम्ही चौथे.

परत येताना टेम्पोत पोरगं गाडीजवळ मागेच बसलं. पुढच्या स्पर्धेची तारीख त्याने विचारूनही घेतली होती. उद्यमनगरात पोचलो तेव्हा अंधार पडला होता, पण आप्पांचा लेथ चालू होता. वाकवलेलं पेडल काढून त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी ते उलटसुलट केलं, वाकलेल्या जागी अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ह्ये आता दमलंय, पुन्यांदा न्हाई टिकायचं. नवीन करूया. पायाचं माप आणलंस काय?"

मी पोराला हाक मारली आणि म्हटलं, येताना बूट घालून ये.