वाघ बघायला आलेली मंडळी

महाराष्ट्रातून ग्वाल्हेरला येणाऱ्या मंडळींना किल्ला, जयविलास आणि झाशीच्या राणीची समाधी दाखवणं हा माझा धंदा. शिवपुरीच्या माधव राष्ट्रीय उद्यानात २०२३ साली वाघ आणून सोडले, मार्च २०२५ मध्ये तिथं व्याघ्रप्रकल्प जाहीर झाला, आणि तेव्हापासून फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "वाघ दिसेल ना?"

पुण्याचे काका-काकू आणि त्यांची शाळकरी नात जूनमध्ये आले. पहाटे ग्वाल्हेर सोडलं. शिवपुरी येईपर्यंत काकांनी वाघाच्या सवयींवर माझंच बौद्धिक घेतलं.

हे जंगल ताडोबासारखं नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. खडक, नाले, खोल दऱ्या. त्यावर खैर, सलई आणि मुख्य म्हणजे करधई. उन्हाळाभर ती सरपणासारखी उभी असते, पण पावसाआधी हवेत जरा ओल आली की तेवढ्यावरच तिला पालवी फुटते. त्या दिवशी फुटली होती. "पाऊस होऊन गेला वाटतं," काकू म्हणाल्या. थेंबही पडला नव्हता.

चितळ दिसले, नीलगायी दिसल्या, एक चिंकारा पळाला. वाघाचा मागमूस नाही. काका गप्प झाले, आणि गिऱ्हाईक गप्प झालं की आमच्या पोटात गोळा येतो. मग मी जॉर्ज कॅसलचा किस्सा काढला. १९११ साली पंचम जॉर्ज शिकारीला येणार म्हणून शिंदे सरकारांनी ही कोठी बांधली. पण बादशहाला वाघ वाटेतच मिळाला आणि तो इथं राहिलाच नाही, असं सांगतात. एरवी यावर हमखास हशा पिकतो. काका हसले नाहीत.

सख्यासागरवर पोचलो. मनियर नदी अडवून १९१८ साली केलेला हा तलाव. नाव माधवराव महाराजांच्या आईंचं. २०२२ साली तो रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. जूनमध्ये पाणी मागं सरतं, काठ उघडे पडतात. तिथं एक मोठी मगर पुढच्या पायांनी माती उकरत होती. आमच्या स्थानिक गाइडनं जिप्सी लांबच थांबवली. "सुनिए," तो कुजबुजला.

जमिनीतून बारीक चिरचिर येत होती. अंड्यातली पिल्लं आईला हाका मारत होती.

तिनं जबडा खड्ड्यात घातला. बाहेर काढला तेव्हा दातांमधून एक इवलंसं शेपूट वळवळत होतं.

"अरे, खातेय की ती!" काका ओरडलेच.

खात नव्हती. सावकाश पाण्यापर्यंत गेली, जबडा उघडून मान हलवली आणि पिल्लू पाण्यात सोडून परत फिरली. एक अंडं फुटलं नव्हतं. ते तिनं जीभ आणि टाळू यांच्यामध्ये धरून हलकेच दाबलं आणि पिल्लू मोकळं केलं. म्हशीला पाण्यात ओढणारा जबडा हा! मध्येच एका राखी बगळ्यानं डाव साधला आणि पाण्यातलं एक पिल्लू उचललं. मगर वळेपर्यंत तो उडालाही होता.

"यात मुलगे किती, मुली किती?" नातीनं विचारलं. ते अंड्यांना मिळालेल्या उबेवर ठरतं. बत्तीस अंशांच्या आसपास नर जास्त निघतात, त्याहून कमी उबेत माद्या. काकांना हे पटेना. गाइडनंही तेच सांगितलं, तेव्हा कुठे त्यांनी मान डोलावली. माझ्या शब्दाला किंमत नाही, हे एकदा सिद्ध झालं.

शिवपुरीत पावसाळ्यात या मगरी नाल्यांतून वस्तीत शिरतात, लोक वनखात्याला फोन लावतात. जेवताना ढाबेवाला काकूंना हे रंगवून सांगत होता. काकांचं लक्षच नव्हतं, ते फोनवर मित्राला सांगत होते, "वाघ नाही रे दिसला, पण ऐक तर..." तो फोन चांगला अर्धा तास चालला. वरण गार झालं.

आता पाहुणे जूनमध्ये आले की मी गाडी आधी तलावाकडे घ्यायला लावतो. वाघाचं नंतर बघू. काकांनी मात्र पावसाळ्यानंतर पार्क उघडलं की पुन्हा यायचं ठरवलंय. वाघासाठीच.