तुम्ही विचारलंत म्हणून: पक्षी की मॉस?

पूर्व हिमालयाबद्दल बोलताना मी दोन फोटो शेजारी-शेजारी लावते. एक बुगुन लिओसिक्ला हा गाणारा पक्षी, दुसरं टकाकिया नावाचं मॉस, म्हणजे शेवाळासारखी इवली वनस्पती. मग कुणीतरी विचारतंच, "मॅडम, यांतलं जास्त धोक्यात कोण?"

आययूसीएन या जागतिक संस्थेची धोक्यातल्या जातींची लाल यादी उघडली तर उत्तर एका ओळीचं. पक्षी 'अतिसंकटग्रस्त', टकाकिया सेराटोफायला 'असुरक्षित', म्हणजे धोक्यात दोन पायऱ्या अलीकडे. पण मला ते तसं देववत नाही.

पक्ष्याचं घराणं लवकर लागलं: आपल्या सातभाईंचं कूळ. खगोलशास्त्रज्ञ रमणा अथ्रेया यांना १९९५ साली अरुणाचलातल्या ईगलनेस्ट अभयारण्यात अनोळखी पक्षी दिसले आणि २००६ मध्ये नामकरण झालं. इतके थोडे पक्षी, त्यातला एक नव्या जातीच्या नमुन्यासाठी मारायचा कसा? म्हणून जाळ्यात आलेल्याचे फोटो काढले, पिसं घेतली आणि त्याला सोडून दिलं. (मला हे फार आवडतं.)

टकाकियाचं गोत्र मात्र सव्वाशे वर्षं चुकीचं होतं. १८६१ साली हिमालयातल्या नमुन्यावरून त्याला लिव्हरवर्ट ठरवलं, म्हणजे शाळेतल्या मार्केन्शियाचा भाऊबंद. पुढे जपानात त्याची बहीण-जात सापडली, तिला तिथे 'नांजामोंजा-गोके' म्हणतात. आपल्याकडे म्हणाल तर 'हे काय बाई शेवाळ!' दिसतं तसंच. सेंटिमीटरभर काडी, तिच्यावर पानांऐवजी हिरव्या दोऱ्याची बोटं. शेवटी अलास्काजवळच्या अल्यूशियन बेटांवर त्याची बीजाणूंची बोंडं मिळाली, एकाच पिळदार चिरेने उकलणारी. त्यांवरून १९९३ मध्ये जाहीर झालं, हे मॉसच.

आता धोक्याचं. पक्षी डोक्यांनी मोजता येतात. मॉसचा एक झुबका म्हणजे एक जीव की शंभर? म्हणून बहुतेकदा त्याचा पसाराच मोजतात, तोही चार हजार मीटरवर गुडघे टेकून.

शिवाय पक्ष्याला राखणदार आहेत. ज्यांचं नाव त्याला दिलं, त्या बुगुन जमातीच्या लोकांनी आपल्या सिंगचुंग गावचं १७ चौरस किलोमीटर जंगल २०१७ मध्ये राखीव करून घेतलं. कुऱ्हाड गावाला थोपवता येते. तिबेटात टकाकियाचा गालिचा आकसतोय तो वाढत्या उष्म्याने, आणि तो कुठल्या गावाच्या हातात नाही.

म्हणून मी टकाकिया म्हणते. पक्षीवाले दर वेळी भांडतात.