ठाणे ते सावंतवाडी, मोपामार्गे: तास दारापासून मोजा

आईच्या गुडघ्यांना रात्रभराची रेल्वे झेपेना, म्हणून यंदा मे महिन्यात आम्ही पहिल्यांदाच विमानाने गावी, सावंतवाडीला गेलो. तिकिटावर वेळ होती सव्वा तास. आई म्हणाली, "म्हणजे न्याहारी ठाण्यात नि जेवण वाडीत!" जेवण वाडीतच झालं, पण दुपारी अडीचला.

मुंबई ते मोपा (गोव्याचा उत्तरेकडचा विमानतळ) हे अंतर सरळ रेषेत साधारण ३८५ किलोमीटर. हवेत आम्ही जेमतेम पाऊण तास होतो. छापलेली वेळ धरतात ती विमान जागेवरून हलल्यापासून तिकडे जागेवर थांबेपर्यंतची. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरात असते आणि उड्डाणासाठी रांग लागते. आम्ही ठाण्याहून सव्वाआठला निघालो, विमान उडालं बारा वाजता, वाडीत घराच्या पायरीवर पोचलो तेव्हा दोन वाजले होते. पावणेसहा तास झाले. रेल्वेने आठ-नऊ तास लागतात. म्हणजे वाचतात तीनेक तास, आणि वाचतं ते आईचं अंग. माझ्या मते पैसे तिथे वसूल झाले. धडधाकट माणसाने मात्र कोकणकन्या एक्स्प्रेसचा बर्थच धरावा.

तिकीट काढताना गोव्याचे दोन विमानतळ आहेत हे विसरू नका. मोपा पेडणे तालुक्यात, जानेवारी २०२३पासून सुरू आहे. दाबोळी त्याच्या दक्षिणेला, सरळ रेषेतच ४० किलोमीटर, आणि मध्ये मांडवी-जुवारी या नद्या. बांदा, सावंतवाडी, शिरोडावाल्यांनी मोपाच घ्यावं. मालवण, कुडाळ, वेंगुर्ल्याला खरं जवळचं चिपी, म्हणजे सिंधुदुर्गाचं विमानतळ. ते ऑक्टोबर २०२१मध्ये सुरू झालं, मुंबईहून सुमारे ३५० किलोमीटर. पण तिथली मुंबईची सेवा सलग टिकलेली नाही, तेव्हा आधी विमान आहे का ते बघा आणि मगच बेत करा.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा. आम्ही आयत्या वेळी मागितली आणि आईला पाऊण तास बाकावर ताटकळत बसावं लागलं. मोपाहून पुढची गाडी गावातूनच सांगून ठेवलेली बरी. आमचा गाडीवाला ओळखीचा होता, त्याने आईसाठी पुढची सीट मागे सरकवून उशी ठेवली होती. गोव्याच्या हद्दीवरची पत्रादेवी ओलांडून बांदा लागलं तशी तिने काच खाली केली.

परतताना सामानाकडे लक्ष द्या. मावशीने पिशवीत सुक्या खोबऱ्याच्या वाट्या भरून दिल्या होत्या. त्यातलं तेल पेट घेतं म्हणून सुकं खोबरं विमानात चालत नाही. तपासणीत बॅग उघडायला लावली आणि वाट्या तिथेच ठेवाव्या लागल्या. आई तेवढा वेळ गप्प उभी होती. त्या वाट्या परसातल्या माडाच्या होत्या. खोबरं, जड फणस, आंब्याच्या पेट्या असलं काही असेल तर गावाहून येणाऱ्या कुणाच्या तरी गाडीत द्या. कोकमाच्या आगळाची बाटली हातातल्या पिशवीत नको, मोठ्या बॅगेत टाका: बूच घट्ट लावून वर प्लास्टिक बांधायचं आणि जुन्या लुगड्यात गुंडाळायचं. आमची अशीच आली, थेंबही सांडला नाही.