बोअरच्या लाइनवर मॅग्नेटिक फ्लोमीटर बसवताना: माझा अनुभव

कारखान्याच्या बोअरवेलवर मॅग्नेटिक फ्लोमीटर (मॅगमीटर), म्हणजे चुंबकीय क्षेत्राच्या मदतीने पाण्याचा प्रवाह मोजणारा मीटर, बसवायचा होता. पंप ताशी २४ घनमीटर पाणी देणारा, पाइप १६० मिमी एचडीपीई (प्लास्टिकचा). एचडीपीईचा आकडा बाहेरच्या व्यासाचा. आत साधारण १४० मिमीच मिळतात. तेवढ्यात पाण्याचा वेग सेकंदाला जेमतेम ०.४३ मीटर. यावरही मीटर चालतो, पण पंप थकला की अचूकता घसरते. म्हणून ८० मिमीचा मीटर घेतला आणि दोन्ही बाजूंना रिड्यूसर (पाइपाचा व्यास बदलणारे तुकडे) लावले. वेग १.३३ मीटरवर गेला. लाइनच्या मापाचाच मीटर हवा, हा खरेदी विभागाचा हट्ट इथे ऐकू नये.

बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, त्यामुळे विद्युतवाहकतेची काळजी नव्हती. सेंटीमीटरला ५ मायक्रोसीमेन्स बहुतेक मॅगमीटरना पुरतात. डीएम (क्षार काढलेल्या) पाण्यावर मात्र हा मीटर चालत नाही. आत फिरणारा भाग नसल्याने बारीक वाळूही अडकत नाही.

जागा टाकीकडे चढणाऱ्या उभ्या पाइपावर निवडली. प्रवाह खालून वर, म्हणजे मीटर कायम भरलेला. आडव्या पाइपावर बसवावाच लागला तर दोन्ही इलेक्ट्रोड (पाण्यातला व्होल्टेज टिपणारे धातूचे बिंदू) आडव्या रेषेत हवेत. वरचा असेल तर हवेच्या बुडबुड्यात जातो, खालचा गाळात. मीटरआधी ४०० मिमी आणि नंतर १६० मिमी सरळ तुकडा ठेवला, दोन्ही ८० मिमी व्यासाचेच. व्हॉल्व्ह मीटरनंतर. गॅस्केट आत डोकावत नाही ना, हे बोटाने चाचपून मगच समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळले.

खरी कटकट अर्थिंगची. इलेक्ट्रोडवर येणारा व्होल्टेज मिलीव्होल्टमध्ये असतो आणि तो पाण्याच्याच सापेक्ष मोजायचा असतो. लोखंडी पाइप विजेच्या दृष्टीने पाण्याशी जोडलेला असतो, एचडीपीई नसतो. त्यामुळे दोन्ही फ्लँजमध्ये स्टेनलेस स्टीलच्या अर्थिंग रिंग घालून त्या सेन्सर बॉडीला तांब्याच्या वायरने जोडाव्या लागतात. त्या नसल्या की पंप बंद असतानाही आकडा नाचतो, आणि लोक मीटरला दोष देतात. सिग्नल केबल मोटरच्या केबलसोबत एकाच ट्रेमध्ये टाकू नये. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असेल तर मुळीच नाही.

झीरो (प्रवाह नसताना मीटर शून्य दाखवतो का) पाहताना पाइप भरलेला आणि पाणी स्थिर हवे. व्हॉल्व्ह बंद करून तो पाहिला, मग रेंज ० ते ४० घनमीटर भरली. मीटरचा सिग्नल ४ ते २० मिलीअँपिअरचा, म्हणून २४ घनमीटरला १३.६ मिलीअँपिअर यायला हवेत. हा सिग्नल वाचणाऱ्या पीएलसीतही (कारखान्याच्या नियंत्रण संगणकातही) हीच रेंज आहे का, ते तपासले.

शेवटी टाकीवर पडताळा. ५ बाय ४ मीटरची टाकी, बाहेरचा व्हॉल्व्ह बंद, पंप अर्धा तास चालू: पातळी ६० सेंमी चढली पाहिजे. पट्टी वाचण्यात ३ मिमी चुकले तरी ६० लिटर, म्हणजे अर्धा टक्का. मीटरची अचूकता यावरून ठरत नाही, ढोबळ चूक मात्र पकडता येते. फरक ८-१० टक्के निघाला तर सेन्सरच्या नेमप्लेटवरचा फॅक्टर (त्या सेन्सरचा कॅलिब्रेशनचा आकडा) ट्रान्समीटरमध्ये, म्हणजे सेन्सरचा सिग्नल वाचून प्रवाह दाखवणाऱ्या भागात, भरलाय का, ते आधी बघावे. ट्रान्समीटर बदलल्यावर हा आकडा हमखास भरायचा राहतो.