आयईएलटीएस, लेखनातले सहा बँड आणि नेदरलँड्सचा प्रवेश

दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात शिकले, नगर जिल्ह्यात. पुढे बी.एस्सी. ॲग्री. पदवीचं माध्यम कागदोपत्री इंग्रजी. पुस्तकं, पेपर, व्हायवा सगळं इंग्रजीत. वर्गात मात्र विषय मराठीत समजावला जायचा, आणि म्हणूनच तो डोक्यात बसला. नेदरलँड्समध्ये मृदाशास्त्रात एम.एस्सी. करायचं ठरलं, तेव्हा ‘इंग्रजी माध्यमातून शिकली’ असं कॉलेजचं पत्र जोडून आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा टाळ, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. काही विद्यापीठं ते पत्र चालवून घेतात. मला प्रवेश हवा होता तिथे ते चालत नव्हतं.

आज वाटतं, बरंच झालं. त्या पत्रातून माझं इंग्रजी कसं आहे हे कुणालाच कळलं नसतं, मलाही नाही.

तयारीत सगळ्यात जास्त अडायला झालं वाचनात. 60 मिनिटं, 40 प्रश्न. एक प्रकार असा, की दिलेलं विधान उताऱ्यानुसार बरोबर, चूक, की उताऱ्यात त्याबद्दल काही म्हटलेलंच नाही, हे ठरवायचं. सरावाला परागीभवनावर उतारा आला की आम्ही शेतकीची मुलं पटकन ‘बरोबर’ लिहून मोकळी. विधान खरंच असायचं, कीटकशास्त्रात शिकलेलंच! पण उताऱ्यात ते नसायचं. समोरच्याने काय लिहिलंय आणि आपल्याला काय माहीत आहे, हे वेगळं ठेवायची शिस्त मला या परीक्षेने लावली. इथे शोधनिबंध वाचताना ती रोज उपयोगी पडते.

बोलण्याची परीक्षा 11 ते 14 मिनिटांची. मधल्या भागात हातात कार्ड देतात, विचार करायला एक मिनिट, मग दोन मिनिटांपर्यंत सलग बोलायचं. मी मुळा धरणाच्या कालव्यावर बोलले, पाणी सुटलं की गावात काय धांदल उडते ते. पाठ केलेलं काहीच कामाला आलं नाही, आणि तरीही बोलता आलं, याचा आनंद निकालापेक्षा मोठा होता.

निकाल असा, बँडमध्ये, म्हणजे 9 पैकी गुणांत: ऐकणं 7.5, वाचन 7, लेखन 6, बोलणं 6.5. सरासरी 6.75, ती वर सरकून 7 होते. विद्यापीठाची अट 6.5 ची, पण प्रत्येक भागात 6.5. लेखनातल्या अर्ध्या बँडसाठी अर्ज अडकला. सोबत माझा प्रकल्प अहवाल होता, इंग्रजीत मीच लिहिलेला. तो वाचून बघा, हवी तर मुलाखत घ्या, असं मी ईमेलवर विनवलं. उत्तर आलं ते ठरावीक साच्यातलं.

राग मला त्याचा आहे, परीक्षेचा नाही. 40 मिनिटांत अनोळखी विषयावर 250 शब्दांचा निबंध लिहिणं हे एक कौशल्य झालं, पण त्यावरून कुणाला मृदाशास्त्र शिकता येईल की नाही हे ठरत नाही. परीक्षा जरूर घ्यावी. काठावरच्या विद्यार्थ्याचं बाकीचं लेखनही कुणीतरी माणसाने वाचावं. शुल्क सतरा-अठरा हजारांच्या घरात आहे. शेतमजुराच्या घरातली मुलगी अर्ध्या बँडसाठी पुन्हा पैसे कुठून आणणार?

माझ्या मदतीला एकाच भागाची फेरपरीक्षा आली. ती संगणकावर परीक्षा दिलेल्यांनाच मिळते, आणि पहिल्या परीक्षेपासून 60 दिवसांच्या आत द्यावी लागते. लेखनात 6.5 आले, प्रवेश झाला.

इथे माझ्या गटात एक इथिओपियाचा, एक चीनची, दोघं डच. इंग्रजी आमच्यापैकी कुणाचीच मातृभाषा नाही, प्राध्यापकांचीही नाही. परीक्षेत ऐकलेले स्वच्छ उच्चार एकीकडे आणि वाऱ्यात, शेतात उभं राहून ऐकलेलं डच वळणाचं इंग्रजी एकीकडे. पहिले काही आठवडे मला ‘पुन्हा सांगाल का’ असं सारखं विचारावं लागलं. याची तयारी कुठलीच परीक्षा करून घेत नाही. दोन बाजू मांडून स्वतःची भूमिका घेणारा परिच्छेद लिहायला मात्र मी तिच्याचमुळे शिकले.

यंदा अर्ज करणाऱ्यांनी एकूण बँडसोबत प्रत्येक भागाची अट आधी वाचावी. एका भागाची फेरपरीक्षा सगळीच विद्यापीठं मान्य करत नाहीत, तेही आधीच विचारून घ्यावं. पासपोर्टशिवाय परीक्षेला बसता येत नाही, आणि निकाल दोन वर्षंच चालतो; त्यामुळे प्रवेश कधी घ्यायचा ते ठरवून मगच तारीख घ्यावी.