रोवण्याच्या गाण्याचा पूर्ण हिशोब

स्वतःचं गाणं रेकॉर्ड करायला किती लागते, हे आमच्याकडचे पोट्टे नेहमी विचारतात आणि सरळ आकडा कोणीच सांगत नाही, म्हणून आमच्या रोवण्याच्या, म्हणजे धानाची रोपं लावतानाच्या, गाण्याचा हिशोब इथं मांडतो. शब्द माझे, चाल माझी, गाव वैनगंगेकाठचं, स्टुडिओ नागपूरचा.

अरेंजरनं (चालीला वाद्यांची साथ बसवणारा) ट्रॅक बांधायचे १० हजार घेतले, ढोलकवाला अडीच हजार, बासरी ३ हजार, स्टुडिओ तासाला ५०० प्रमाणे ८ तास म्हणजे ४ हजार, मिक्सिंग-मास्टरिंग (सगळे आवाज जुळवून गाण्यावर शेवटचा हात फिरवणं) ६ हजार. कोरसला गावातल्या ५ बाया नेल्या, प्रत्येकीला ६०० रुपये, गाडीभाडं २८००, चहा-जेवण ७००. झाले ३२ हजार. यूट्यूबसाठी साधा लिरिकल व्हिडिओ (पडद्यावर नुसते शब्द) २ हजारात केला, एकूण ३४ हजार.

कोरसच्या पैशावरच लोकं अडतात. "गावच्याच बाया हायेत, त्याईले कायचे पैसे?" अरे बाप्पा, त्या दिवशी त्यांची मजुरी बुडते, आणि त्या गाण्यात जीव आला तो त्यांच्या आवाजानं. स्टुडिओत त्यांच्या कानात क्लिक, म्हणजे मशीनचा एकसारखा ठोका, दिला तर गाणं जमेचना. बांधीत (धानाच्या शेतात) रोवताना चाल हाताच्या मागं चालते, रोपांची पेंडी संपली की दुसरी उचलेपर्यंत ओळ जराशी थांबते, आणि तो थांबा मशीनच्या ठोक्यात बसत नाही. मोठ्या काकूनं हेडफोनच काढून ठेवला, "हे टकटक बंद कर बाबू, आमी त्याच्या मांगं धावाव का गावाव?" अरेंजर समजदार माणूस, त्यानं क्लिक बंद केला, बायांना सलग गाऊ दिलं, मग त्यांच्या गाण्यावरून टेम्पो मॅप (लय कुठं थांबते, कुठं पळते त्याचा नकाशा) बनवला आणि ढोलकवाल्याला त्यावर वाजवायला लावलं. ८ तासांतले २ तास ह्यातच गेले, म्हणजे हजार रुपये, आणि माझ्या मते ३४ हजारांतले सगळ्यात कामी आलेले तेच हजार. तयार लूपवर (आधीच वाजवून ठेवलेल्या, फिरून फिरून वाजणाऱ्या तुकड्यावर) गाणं स्वस्तात होते, पण मग ते कुठल्याही गावचं वाटते.

वेळही बघून ठरवा. दिवाळी ते होळी झाडीपट्टीतल्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकांचा सीझन, वडसाच्या नाटक कंपन्यांकडं चांगले वादक रोज रात्री बुक असतात, तेव्हा ते मिळत नाहीत आणि मिळाले तर भाव वेगळा. आम्ही रोवणा आटोपल्यावर, पोळ्याच्या नंतर केलं, बायापण मोकळ्या होत्या.

कागदाचं काम कोणी सांगत नाही ते सांगतो. कॉपीराइट नोंदणीची सरकारी फी शब्दांची ५००, संगीताची ५००, आणि साउंड रेकॉर्डिंगची २०००. नोंदणी सक्तीची नाही, पण भांडण झालं तर कामात येते. कोणी "गाणं आमच्या चॅनलवर टाका, खर्च आमचा" म्हणत आलं तर सही करायच्या आधी कागद नीट वाचा, कारण २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा कायद्यानं आहे, आणि तो हक्क वारस किंवा कॉपीराइट सोसायटी (रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था) सोडून कोणाला लिहून देता येत नाही. आणि स्टुडिओतून फक्त एमपीथ्री घेऊन येऊ नका, वेव्ह फाइल (पूर्ण दर्जाची) आणि सगळे स्टेम्स (प्रत्येक वाद्याचा, आवाजाचा वेगळा ट्रॅक) हार्ड डिस्कवर घ्या, उद्या कार्यक्रमासाठी कराओके ट्रॅक लागला की त्यातूनच निघते.

पैसे लवकर परत येतील असं धरू नका. यूट्यूबच्या जाहिरातीचे पैसे सुरू व्हायलाच १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास बघणं लागते (किंवा मग शॉर्ट्सचा रस्ता, तो आणखी लांबचा), स्पॉटिफायवर २०२४ पासून वर्षात १००० स्ट्रीम झाल्याशिवाय त्या गाण्याला रॉयल्टीच नाही. आम्हाला जे मिळालं ते कार्यक्रमांतून, गाणं ऐकून बाजूच्या गावांनी बोलावलं.

आता १५ हजारच असले तर? बासरी सोडा, कीबोर्डचा मोठा ट्रॅक सोडा, हार्मोनियम, खरा ढोलक आणि कोरस ठेवा, घरी इतकी तालीम करा की स्टुडिओत ४ तासांत आवाज होऊन जाईल, आणि मिक्सिंगचे पैसे कापू नका. ड्रोन, हिरो-हिरोईन, शेतातलं शूटिंग हे सगळं नंतरही करता येते, आवाज एकदा कच्चा निघाला तर त्यावर कितीही भारी व्हिडिओ लावा, लोकं पहिल्या कडव्यातच पुढं सरकतात.