आमची वाटचाल : टनाला किती युनिट?

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले असं सगळं धरलं तर कोल्हापूर भागात तीनशेच्या आसपास फाउंड्र्या, म्हणजे लोखंड वितळवून पार्ट ओतणारे कारखाने, आहेत. यातल्या कुठल्याही मालकाला भंगाराचा आजचा दर विचारा, झोपेतून उठवलं तरी सांगेल. एक टन लोखंड वितळवायला किती युनिट लागली असं विचारलं की तोच माणूस महिन्याचं लाइटबिल पुढं करतो. बिलातला आकडा अख्ख्या कारखान्याचा असतो. त्यात भट्टी, दाबाची हवा देणारा कॉम्प्रेसर, साच्याची वाळू तयार करणारा सँड प्लांट, ऑफिसचा एसी, सगळं आलं. आमचा धंदा उभा राहिला तो या बिलाची फोड करण्यावर.

२०१३ मध्ये सुरुवात केली तेव्हा आम्ही फक्त एनर्जी ऑडिट, म्हणजे कारखान्यात वीज कुठं किती जाते याची तपासणी, करत होतो. मीटर लावायचे, तीन-चार दिवस रीडिंग घ्यायची, रिपोर्ट स्पायरल बाइंडिंग करून द्यायचा. मालक चहा पाजायचे, चेक वेळेवर द्यायचे आणि रिपोर्ट कपाटात जायचा. काम वाईट नव्हतं, पण आमच्या आकड्यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. लोखंड १५०० अंशांपर्यंत तापवायला शास्त्राप्रमाणे टनाला चारशे युनिटच्या आत वीज पुरते. विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीत प्रत्यक्षात साडेपाचशे ते साडेसहाशे लागतात, काही ठिकाणी त्याहूनही जास्त. मी हे सांगितलं की ठरलेलं उत्तर यायचं, "पुस्तकातलं नका सांगू साहेब. आपल्या एरियात कोण काढतंय साडेपाचशेत? नाव सांगा."

नाव मला माहीत असायचं, पण सांगता येत नव्हतं. कारण त्या दुसऱ्या मालकानं आकडा माझ्यावर विश्वास टाकून दिलेला असायचा. सगळ्यांनी आपले आकडे एका ठिकाणी टाकावेत आणि एकमेकांचे बघावेत, ही कल्पना तिथून आली. कल्पना काही आमची एकट्याची नव्हती. टेरी ही ऊर्जा संशोधन संस्था, बीईई हे केंद्र सरकारचं ऊर्जाबचत खातं आणि स्विस विकास संस्था यांच्या पुढाकारातून उभा राहिलेला 'समीक्षा' हा मंच लघुउद्योगांच्या ऊर्जाबचतीची माहिती क्लस्टरनुसार, म्हणजे एका भागातल्या एकाच धंद्याच्या समूहानुसार, मांडतोच. जर्मनीत २०१४ मध्ये सरकार आणि उद्योगसंघटनांनी मिळून कंपन्यांचे असे पाचशे गट उभे करायचं ठरवलं होतं. आम्हाला मात्र त्याचा अगदी छोटा, दर महिन्याला ताजा होणारा आणि आपल्या पट्ट्यातला अवतार हवा होता.

पहिली अडचण भीतीची होती, आणि ती भीती खोटी नव्हती. गाडीचे पार्ट घेणाऱ्या मोठ्या गिऱ्हाइकाला तुमचा खरा खर्च कळला, की पुढच्या रेट निगोसिएशनला तो आकडा टेबलावर येतो. "शेजाऱ्याला दाखवीन, पण पर्चेसवाल्याला कळालं तर माझं काय?" असं एका मालकांनी तोंडावर विचारलं. म्हणून नियम केले. प्रत्येक फाउंड्रीला कोड नंबर. आपली ओळ नावानं दिसणार, बाकीच्या कोडनं. एका प्रकारात पाचपेक्षा कमी फाउंड्र्या असतील तर सरासरी दाखवायचीच नाही, कारण चौघांत कोण कुठला हे गावात कुणालाही ओळखता येतं. डेटा ज्याचा त्याचा. गट सोडला की त्याची ओळ काढून टाकायची. हे सगळं स्टँपपेपरवर लिहून दिलं तेव्हा कुठं पहिले काही जण तयार झाले.

पण खरा घोळ पुढंच होता. सगळ्यांनी 'टनाला युनिट' भरलं आणि आकडे एकमेकांशी जुळेनात. एकजण भट्टीत ओतलेला माल टन म्हणून धरत होता, दुसरा लाडलमधून (ओतायच्या भांड्यातून) बाहेर आलेला धातू, तिसरा गिऱ्हाइकाला गेलेलं कास्टिंग (ओतलेला पार्ट). भट्टीत हजार किलो धातू वितळवला, त्यातला चारशे किलो रनर-रायझर (साच्यात धातू जायच्या वाटांत उरलेला भाग) आणि रिजेक्शनमध्ये परत भंगारात गेला, तर ६०० युनिटचा आकडा विक्रीच्या टनाला १००० युनिट होतो. भट्टी तीच, वीज तीच. आता आम्ही वितळवलेल्या टनाचा आणि विक्रीच्या टनाचा असे दोन्ही आकडे घेतो. पहिल्यावरून भट्टीची तब्येत कळते, दुसऱ्यावरून पॅटर्न (साच्याचा नमुना) आणि गेटिंग (धातू जायच्या वाटा) करणाऱ्याची. माझ्या मते दुसरा आकडा जास्त बोलका आहे. भट्टीवर पाच टक्के वाचवायला घाम निघतो, यिल्ड, म्हणजे वितळवलेल्या धातूतून विकता येणारा हिस्सा, थोडी सुधारली की तेवढं सहज निघतं. पण मालकांना नवी भट्टी घ्यायला आवडते, त्याला काय करणार!

सुरुवातीला सुपरवायझर मीटरचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचे आणि ऑफिसात एक्सेलमध्ये भरणं चालायचं. आता भट्टी, कॉम्प्रेसर आणि सँड प्लांटला वेगळे मीटर आहेत. आरएस-४८५ या डेटाच्या वायरनं ते एका गेटवेला (रीडिंग इंटरनेटवर पाठवणाऱ्या डब्याला) जोडतो आणि रीडिंग आपोआप वर जाते. वितळवलेला टन मात्र अजून हातानंच भरावा लागतो, मेल्टिंगच्या लॉगबुकवरून. तिथं लपवाछपवी फार होत नाही, कारण वजनकाट्याची पावती जोडावी लागते.

आमचा जम बसला तो एप्रिल २०२० नंतर. त्या महिन्यापासून राज्यात हाय टेन्शन (मोठ्या दाबाची वीज घेणाऱ्या) ग्राहकांचं बिल केव्हीएएच युनिटवर, म्हणजे कामाला आलेल्या विजेबरोबर नुसती ये-जा करणारी वीजही धरून, निघायला लागलं आणि त्याच वेळी लॉकडाऊन लागला. कारखाना बंद, पण पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली कामाला आलेली किती ते) सुधारायला लावलेली कपॅसिटर बँक चालूच. लोड नसताना कपॅसिटर चालू राहिला की पॉवर फॅक्टर लीडिंग, म्हणजे मोटारींमुळे येणाऱ्या लॅगच्या उलट बाजूला, जातो, आणि नव्या पद्धतीत लॅग काय, लीड काय, दोन्ही मोजलं जातं. बंद कारखान्याची युनिट बघून लोक चक्रावले. एका सभासदानं कपॅसिटर लोडप्रमाणे चालू-बंद करणारा ऑटोमॅटिक पॅनेल दुरुस्त करून घेतला आणि त्याच्या कोडची ओळ खाली आलेली बाकीच्यांनी पाहिली. त्यानंतर आम्हाला कुणाला समजवायला जावं लागलं नाही, फोन यायला लागले.

कॉम्प्रेसरचंही तसंच झालं. सुट्टीच्या दिवशी सगळं बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालवायचा आणि घड्याळ लावून बसायचं. किती सेकंद लोड (हवा भरतोय), किती अनलोड (नुसता फिरतोय). लोडच्या वेळेला एकूण वेळेनं भागलं की गळती किती टक्के ते कळतं. हवा कुणीच वापरत नसताना कॉम्प्रेसर दर मिनिटाला लोड होतोय, हे मालकानं स्वतः उभं राहून बघितलं की मग पाइपाचे जॉइंट आणि फेटलिंगच्या (कास्टिंग घासून साफ करायच्या) होजचे कपलिंग त्याच आठवड्यात बदलले जातात. प्रेशर एक बारनं उतरवलं तर सहा-सात टक्के वीज वाचते, हे आम्ही ऑडिटमध्ये वर्षानुवर्षं लिहित होतो. गटात आल्यावर लोकांनी ते करून बघितलं.

आता भीतीची दिशा उलटलीय. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या बीआरएसआर (जबाबदार व्यवसायाचा अहवाल) नियमांमुळे मोठ्या लिस्टेड कंपन्यांना ऊर्जेचा आणि उत्सर्जनाचा हिशेब द्यावा लागतो, त्यामुळे त्यांच्याकडून पुरवठादारांना प्रश्नावल्या येऊ लागल्यात. ज्यांनी डेटा लपवला ते आता कन्सल्टंट शोधतायत. आमचे सभासद आपली ओळ काढून, काय द्यायचं आणि काय नाही ते ठरवून, फॉर्म भरतात.

पैशाचं म्हणाल तर ऑडिटच्या दिवसांपेक्षा कमाई सावकाश येते, पण दर महिन्याला येते. मीटर बसवायचा खर्च सभासदाचा, बाकी मासिक फी. सध्या गटात ग्रे आयर्न (साधं बीड) आणि एसजी आयर्न (ट्रीटमेंट देऊन जास्त चिवट केलेलं बीड) यांची सरासरी वेगळी काढायची का यावर जोरात वाद चालू आहे. एसजीवाल्यांचं म्हणणं, आमचं तापमान आणि ट्रीटमेंट वेगळी, आम्हाला त्यांच्याशी तोलू नका. मला ते पटतं, पण वेगळी केली तर एसजीची संख्या सध्या पाचच्या खाली जाते आणि आमच्याच नियमानं सरासरी दाखवता येत नाही. म्हणून आणखी एसजी फाउंड्र्या हव्या आहेत. यायचं असेल त्यांनी गेल्या बारा महिन्यांची लाइटबिलं आणि मेल्टिंगचं लॉगबुक घेऊन यावं.